दोऱ्याएवढी फट

चित्राची स्लाइड कडेनं धरायची, मधे बोट लावायचं नाही, हे शरयूताईंनी पत्रात दोनदा लिहिलं होतं, म्हणून मच्छिंद्र ती अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवत होता, आणि पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीत नखाएवढी एक बाई डोळे मिटून होती. एवढी लहान झाली तरी ती नीट दिसत होती. कपाळावरचं मोठं कुंकू, हनुवटीवरचं गोंदण, उजवीकडे किंचित कललेली मान... मान कलली होती कारण मागून कुणीतरी खांद्याला धरून तिला बसती ठेवलं होतं; ते धरणारे हात चित्रात नव्हते. हात काढायचे नाहीत, फक्त चेहरा, हे तेव्हाच ठरलं होतं. की नंतर ठरलं? अकरा वर्षं झाली.

"अहो, साडेबाराची गाडी धरायची ना?" आतून उषाबाई म्हणाल्या. "मंग अजून काय बघून राह्यले? अकरा वर्सं बघताच की तिच्याकडं."

शनिवार होता, शाळा सकाळची. भोकरदनच्या शाळेत चित्रकलेचा तास शनिवारी शेवटचा असतो, कारण तो बुडाला तरी कुणाचं काही जात नाही. साडेअकराला तो घरी आला होता. मूळ चित्र, बारा बाय सोळा इंचांचं, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून दाराशी उभं होतं. आज ते केदारखेड्याला न्यायचं, बाईच्या नवऱ्याला, रखमाजींना दाखवायचं, एका कागदावर सही घ्यायची आणि संध्याकाळी सहाच्या आत पुण्याला फोन करायचा. फोन झाला की निमंत्रणाची कार्डं छापायला जातील. कार्डावर हेच चित्र, खाली बाईचं नाव, गाव, आणि त्याखाली त्यानं स्वतः लिहिलेली ओळ : 'या चित्रांत मी काहीही बदललेलं नाही. फोटोत जे होतं तेच काढलं.'

त्या ओळीवर शरयूताई खूश होत्या. त्या मूळच्या जुन्या जालन्याच्या, आता पुण्यात चित्रांची गॅलरी चालवतात. दिवाळीनंतर नात्यातल्या लग्नाला आल्या तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं की भोकरदनला एक मास्तर आहे, तो मेलेल्या बायका काढतो. त्या आल्या, चपला काढून मागच्या खोलीत फरशीवर बसल्या आणि दोन तास उठल्या नाहीत. चोवीस चित्रं होती. जाताना म्हणाल्या, "नावं हवीत, मच्छिंद्र. नाव नसलं की या नुसत्या झोपलेल्या बायका होतात. आणि नाव लावायचं तर घरच्यांना विचारायला हवं." त्याला ते पटलं होतं. पटलं, तरी तीन महिने तो कुणाकडेही गेला नव्हता.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. चित्र त्यानं मांडीवर उभं धरलं. शेजारच्यानं विचारलं, "काच हाय का?" तो म्हणाला, "नाही." "मंग?" "फोटो." शेजाऱ्याचं समाधान झालं.

खरं म्हणजे धंदाच तो होता — फोटोवरून मोठं चित्र. एक्क्याऐंशी साली तो जालन्यात तातेराव पेंटरांच्या दुकानात राहिला तेव्हा दुकानांच्या पाट्या असायच्या, गाड्यांचे नंबर असायचे, आणि आतल्या अंगाला, पडद्यामागं, तातेरावांचं खरं काम असायचं. खेड्यातल्या बाईचा जिवंतपणी फोटो निघायचा नाही. ती गेली की कुणाच्या तरी लक्षात यायचं, मग तालुक्याहून फोटोवाला यायचा, तिला अंगणात बसती करायचे, आणि तो एकच फोटो घेऊन घरचे लोक चौथ्या-पाचव्या दिवशी दुकानात हजर. तेराव्याला चित्र पाहिजे, आणि डोळे उघडून पाहिजेत. 'डोळे उघडून द्या' हे लोक अशा सहज आवाजात म्हणायचे, जसं शिंप्याला म्हणतात की कंबर जरा सैल करून द्या. तातेराव त्याला सांगायचे, "मेलेल्याचे डोळे फोटोत सापडत न्हाईत, घरात सापडतात. घरी जायचं अन् इचारायचं, हिचे डोळे कोनाला हायेत. लेक असती, भाऊ असतो. त्याला समोर बसवायचं अन् बिलकुल त्याचेच उघडायचे." म्हणजे चेहरा गेलेल्याचा आणि डोळे जिवंताचे. तातेरावांना यात काही विशेष वाटत नव्हतं. त्यालाही वाटलं नाही, त्या वेळी.

मग औरंगाबादचं कला महाविद्यालय. तिथं त्यानं पहिल्या वर्षी माणसांचे चेहरे काढले, तर शिक्षक म्हणाले, हात तयार आहे, आता तो विसर. त्यानं विसरून पाहिला. चौकोन काढले, गंजलेल्या पत्र्याचे रंग काढले, एक वर्ष नुसता राखाडी रंग. नोकरी लागून भोकरदनला आल्यावर तीन वेळा मुंबईच्या प्रदर्शनाला चित्रं पाठवली. तिन्ही वेळा पार्सल परत आलं. तिसऱ्या वेळी दोरीची गाठ त्यानं मारली होती तशीच होती. त्याची गाठ जरा वेगळी पडते, डावखुरी, ती ओळखू येते. त्या दिवसापासून त्यानं पाठवणं बंद केलं आणि पगाराच्या जोडीला पुन्हा डोळे उघडायला लागला.

पहिलं काम आलं ते केदारखेड्याचं. एकोणनव्वद. द्वारकाबाई, रखमाजींची बायको. सात वर्षांत हात आखडला होता, म्हणून त्यानं आधी सरावाला एक लहान कॅनव्हास घेतला, फोटोवर चौकटी आखल्या आणि फोटोत होतं तसंच, डोळे मिटलेलं, काढलं. मग मोठ्या कॅनव्हासवर डोळे उघडण्यासाठी तो त्यांच्या घरी गेला, ओट्यावर बसला, तातेरावांनी शिकवल्याप्रमाणे विचारलं — घरात यांचे डोळे कुणाला आहेत? तेव्हा आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दाराशी उभी होती, तिनं शाळेत करतात तसा हात वर केला. कौसल्या. तिला समोर बसवून त्यानं डोळे घेतले. मोठे होते, पाणीदार, खालची पापणी जराशी जड. तासभर ती हलली नाही.

सरावाचं चित्र चार महिने कपाटामागं पडून होतं. मग एका दुपारी ते हाताला लागलं आणि त्याला दिसलं की मोठ्या चित्रात नाही ते यात आहे; काय आहे ते सांगता येत नव्हतं, पण कुणाच्या सांगण्यावरून न काढलेलं हे आपलं पहिलंच चित्र, हे मात्र त्याला कळलं. तिथून पुढं प्रत्येक कामाची दोन चित्रं. एक घरच्यांसाठी, डोळे उघडलेलं. एक स्वतःसाठी, जसं होतं तसं. पहिल्यात युक्ती, दुसऱ्यात सत्य — असं तो मनाशी म्हणायचा. मोठ्यानं कधी म्हणाला नाही. उषाबाई विचारायच्या, दोन-दोन कशाला काढता, आणि पोरं भितात म्हणून मिटलेल्या बायकांची तोंडं भिंतीकडे करून ठेवायच्या. अकरा वर्षांत चोवीस पाठी भिंतीला लागल्या. मी काहीही बदललेलं नाही. ओळ लिहिताना त्याला पेन थांबवावं लागलं नव्हतं.

केदारखेड्याच्या फाट्यावर तो उतरला तेव्हा सव्वा वाजला होता.

रखमाजी ओट्यावरच बसले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावून. दुसरी बायको गोजरबाई सुपात तूर घेऊन निवडत होती. अकरा वर्षांपूर्वी हीच बाई घरात मागं-मागं वावरत होती, हे त्याला आठवलं. तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"या मास्तर," रखमाजी म्हणाले. "आवाजावरून वळखलं. मला तर समदं धुकंच दिसून राह्यलं. डॉक्टर म्हणतो, महिना लागंल."

त्यानं कशासाठी आलो ते सांगितलं. पुणे, प्रदर्शन, नाव, गाव. सांगताना त्याला स्वतःचा आवाज शाळेतल्या सूचना वाचल्यासारखा वाटला. रखमाजींनी मधे एकदाच विचारलं, "इकायचं हाय का?" तो म्हणाला, "हे नाही. हे माझ्याकडंच राहील."

"न्या की मंग. बाई जित्तेपणी जालन्याच्या पुढं गेली न्हाई. आता जाऊ द्या पुण्याला." ते हसले. "नाव तेवढं बराबर टाका. लोकं द्वारका लिहितात, बाई लिहीत न्हाईत. द्वारकाबाई."

सही झाली. चष्मा वर करून, कागद नाकाशी नेऊन त्यांनी तीन अक्षरं काढली. इतक्या सहज होईल असं त्याला वाटलं नव्हतं. तीन महिने आपण कशाला भीत होतो? आता चित्र सोडलं नसतं तरी चाललं असतं. सही मिळाली होती, पावणेतीनची गाडी होती. पण रखमाजींना दिसत नाही आणि न दाखवता सही घेतली असं नको, म्हणून त्यानं फडकं सोडलं आणि चित्र ओट्याच्या खांबाला टेकवून ठेवलं.

रखमाजींनी मान वाकवून पाहिलं. "कुंकू दिसून राह्यलं," ते म्हणाले.

गोजरबाईनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि चित्रासमोर उकिडवी बसली. लोक असंच बघतात, त्याला माहीत होतं. आता डोळ्यांना पदर जाईल, हेही माहीत होतं. पदर गेला नाही.

"हिचा डोळा कोनी मिटला?"

"म्हणजे?"

"डावा. डावा उघडा राह्यल्ता." तिनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "एवढा. दोऱ्याएवढा. पांढरं दिसत व्हतं आतलं. मी अंगठ्यानं तीन डाव मिटला. दाबून धरलं की मिटायचा, हात काढला की उघडायचा. शेवटी तो संपत फोटोवाला म्हणला, राहू द्या बाई, जल्दी करा, ऊन चाललं. तसाच काढला मंग फोटो."

"कायबी तुझं," रखमाजी म्हणाले. "अकरा वर्सं झाली त्याला."

"अकरा झाली तरी अंगठा माझाच हाय ना."

मच्छिंद्र म्हणाला, "फोटोत मिटलेला होता." म्हणाला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की फोटो आठवायला गेलं की चित्रच समोर येतंय. फोटो घरी होता, टेबलाच्या खालच्या खणात, लिफाफ्यात. शेवटचा कधी पाहिला? "घरी आहे. बघतो."

"बघा. माझं काय. चांगला मिटलाय." तिनं चित्रातल्या डाव्या डोळ्याजवळ बोट नेलं, लावलं नाही. "मला जमलं न्हाई ते तुमी केलं."

ती हे टोचून म्हणाली की साधंच म्हणाली, ते त्याला कळेना. चहा आला. चहा पिताना तो आतल्या भिंतीकडे बघत राहिला. दारातून मोठं चित्र दिसत होतं, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार, खाली दिव्याची काजळी धरलेली भिंत. डोळे उघडून द्वारकाबाई सरळ ओट्याकडे बघत होत्या. ते चित्र त्याच्या लेखी कधीच मोठं नव्हतं, पण आत्ता त्याला त्याच्याच आधाराची गरज वाटली. मिटलेल्याचं राहू दे, निदान ते तरी.

"हे वरचे तरी बरोबर उघडलेत ना?"

रखमाजींनी बशीतला चहा संपवला.

"त्ये माझे हायेत," गोजरबाई म्हणाली.

तिनं पुन्हा सूप ओढलं आणि तूर निवडता-निवडता सांगितलं, जणू कुणाच्या तरी शेताच्या बांधाचं सांगत होती. द्वारकाबाईला मूल नव्हतं. म्हणून गोजरबाईला करून आणली. कौसल्या तिच्या पोटची. पण पोरीला वाढवलं थोरलीनं, अंगावरचं दूध तुटल्यापासून पोरगी निजायची थोरलीजवळ, तिला माय म्हणायची आणि हिला काकू. अजूनही काकूच म्हणते, जालन्याहून सणाला आली की.

"तेव्हा का नाही सांगितलंत?" त्यानं विचारलं. "मी कौसल्याला समोर बसवलं तेव्हा?"

"तुमी इचारलं, घरात हिचे डोळे कोनाला हायेत. पोरीनं हात वर केला. माय जाऊन सहा दिस झालते." ती एक खडा वेचायला थांबली. "तिला काय सांगायचं व्हतं मंग? तुझे न्हाईत म्हनून?"

रखमाजी म्हणाले, "मी म्हणलंतं हिला, मास्तरला सांग. तर म्हणली, राहू द्या."

"राहू द्याच म्हणले. मंग सवय झाली. सांजच्याला दिवा लावायला गेले की माझंच मला बघतं. सवतीच्या तोंडातून." ती हसली, पुढचे दोन दात नव्हते. खालची पापणी जराशी जड होती. आता, इतक्या जवळून, ते कुणालाही दिसलं असतं.

पावणेतीनची गाडी चुकली. पुढची साडेचारची, ती पाचला आली.

गाडीत उभं राहावं लागलं, आणि चित्र पायांशी, दोन घोट्यांच्या मधे. त्यानं मनातल्या मनात हिशेब लावायचा प्रयत्न केला, कारण हिशेब लागला की मन थाऱ्यावर येतं. एक : उघड्या डोळ्यांच्या चित्रात डोळे चुकले. ती युक्तीच होती, त्यात चुकण्यासारखं काय? दोन : मिटलेलं चित्र. फोटोत फट होती की नव्हती. नसेल, तर बाईची आठवण चुकली आणि कार्डावरची ओळ खरी. असेल, तर... इथं येऊन तो थांबायचा. खोटं बोलायचं ठरवलं असतं, तर ते आठवलं असतं. त्यानं काही ठरवलं नव्हतं. शून्य नंबरचा ब्रश, पापणीची कड, फिकट तपकिरी रंग, ओढला, मिटला. त्या क्षणाची काहीच खूण नव्हती. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, बाकीच्या येऊ लागल्या — सातव्या नंबरच्या बाईची चित्रातली मिटलेली जिवणी, जी फोटोत नक्की उघडी होती, कारण हनुवटीला फडकं बांधायचं राहून गेलं होतं असं तिच्या मुलानं सांगितलं होतं. आणि कापूस. प्रत्येक फोटोत नाकपुड्यांत कापसाचे बोळे होते. ते एकाही चित्रात नाहीत. ते चेहऱ्याचे नाहीत, असं धरून त्यानं ते सोडले होते, चोवीस वेळा सोडले होते, आणि चोवीस वेळा सोडल्यानंतर टेबलाशी बसून लिहिलं होतं, काहीही बदललेलं नाही.

हे कळल्यावर लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण तिच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि गाडी भोकरदनच्या उताराला लागेपर्यंत ते काय आहे ते त्याला धरता आलं नाही.

स्टँडवर उतरला तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. घर सात मिनिटांवर. जाऊन खण उघडून, फोटो बघून, परत येऊन फोन करता आला असता. तो घराच्या बाजूला वळला. स्टँडच्या कोपऱ्यावर संपतचा स्टुडिओ होता, आता त्याचा पुतण्या चालवतो. दारावर नवीन पाटी होती, 'कॉम्प्युटरवर डोळे उघडून मिळतील'. ती पाटी तो पंधरा दिवस रोज बघत होता. आज तिच्यासमोर त्याची चाल मंदावली. फोटोत डोळा मिटलेला निघाला तर सुटलो, असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट, फट असावी असं त्याला वाटत होतं. असावीच. एका बाईनं अंगठ्यानं तीन वेळा दाबून जे मिटलं नाही ते आपल्या हातून, आपल्याला न विचारता, मिटलं असावं. तिला ते हवं होतं आणि झालं नाही; आपल्याला काही नको होतं आणि झालं. अकरा वर्षं ज्या चित्रात आपण कुठंच नाही म्हणून त्याचा अभिमान धरला, त्यात आपण त्या एका रेषेपुरते तरी होतो की काय...

तो मागं फिरला आणि एसटीडीच्या काचेच्या खोलीत शिरला. चित्र भिंतीला टेकवून ठेवलं, फडक्यासकट.

"झालं का?" शरयूताईंचा आवाज आला. "सही मिळाली?"

"मिळाली. नाव द्वारकाबाई असं पूर्ण टाका. बाई सोडू नका."

"टाकते. मग चित्र, नाव, आणि खाली तुमची ती ओळ. पाठवू छापायला?"

"चित्र पाठवा," तो म्हणाला. "ओळ थांबवा."

"थांबवा म्हणजे? बदलायचीय? आत्ता सांगा, मी लिहून घेते."

समोर मीटरवरचे लाल आकडे सरकत होते. दुसरी ओळ त्याच्याकडे नव्हती. खिशात सकाळची स्लाइड होती, ती त्यानं काढली आणि काचेतून येणाऱ्या तिरप्या उन्हासमोर धरली, एका हातात फोन म्हणून एकाच हातानं, नीट कडेनं धरता येईना. त्याचा अंगठा मधे, फिल्मवरच पडला होता, बरोबर चेहऱ्यावर.

"मच्छिंद्र? ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. अंगठा त्यानं अजून उचलला नव्हता.